नवं वायफाय कार्ड घातलं, तरी जुना लॅपटॉप नेट धरत नाही? आधी हे तपासा

जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलणं हे स्क्रू ड्रायव्हरचं दहा मिनिटांचं काम. त्यानंतर जे सुरू होतं त्यात अख्खा रविवार जातो. कार्ड बसतं, पण लॅपटॉप सुरूच होत नाही. सुरू झाला तर वायफायचं बटण करडं, दाबलं तरी ढिम्म. तेही जमलं तर शेजाऱ्यांची सगळी नेटवर्कं दिसतात आणि आपलं तेवढं दिसत नाही. आणि सगळं जुळून आलं की दर थोड्या वेळाने तुटायला लागतं. मग माणूस कार्डाच्या नावाने बोटं मोडतो, दुसरं मागवतो आणि त्याचंही तेच होतं.

बहुतेक वेळा कार्ड धडधाकट असतं. अडचण आजूबाजूला असते: बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम), एखाद्या पिनेत, अँटेनाच्या वायरीत, ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नाहीतर राउटरच्या सेटिंगमध्ये. म्हणून पुन्हा पैसे घालण्याआधी काम नेमकं कुठे अडतंय ते बघा. लॅपटॉप सुरू होण्याआधीच अडतंय, की सुरू झाल्यावर कार्ड दिसत नाही, की दिसतंय पण त्याचा रेडिओ (सिग्नल पाठवणारा भाग) बंद आहे, की नेटवर्क सापडत नाही, की सापडून टिकत नाही. प्रत्येक टप्प्याचं औषध वेगळं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

मी साधारण २००८ ते २०१३ मधले लॅपटॉप डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय. थिंकपॅड टी४२० किंवा एक्स२३०, डेल लॅटिट्यूड ई६४२०, एचपीचे प्रोबुक आणि एलिटबुक, त्या पिढीचे. कंपन्यांनी काढून टाकलेली ही मशिनं लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात अजून मिळतात, आणि एसएसडी टाकली की घरकामाला मस्त चालतात. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर अशा बऱ्याच मशिनांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट चढलं आणि आतलं जुनं, ड्रायव्हर वेगळा मागणारं ब्रॉडकॉम कंपनीचं कार्ड एकदम डोळ्यांत खुपायला लागलं.

कार्ड कुठलं चालतं

२००५च्या आसपासपर्यंतच्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआयचा खाचा (स्लॉट) असतो. त्यात इंटेल २२००बीजीसारखी कार्डं यायची. पुढच्या मिनी पीसीआय एक्सप्रेसशी त्याचं नावापुरतंच नातं आहे. एकातलं कार्ड दुसऱ्यात जात नाही आणि बळजबरी केली तर खाचा तुटतो.

त्यानंतरच्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्सप्रेस. याचे दोन आकार: पूर्ण लांबीचं कार्ड सुमारे ३० बाय ५१ मिमी, अर्धं सुमारे ३० बाय २७ मिमी. पिना दोन्हीकडे ५२च, त्यामुळे अर्धं कार्ड पूर्ण खाच्यात विजेच्या हिशेबाने चालतं, पण स्क्रू लांब पडतो आणि कार्ड तिरकं उभं राहतं. त्यासाठी पत्र्याची छोटी लांबपट्टी मिळते. टेपने चिकटवून भागवू नका. लॅपटॉप बॅगेतून फिरला की कार्ड अर्धा मिलिमीटर सरकतं, आणि ‘कधी चालतं, कधी नाही’ या सर्वांत कटकटीच्या दुखण्याची सुरुवात होते.

या पिढीसाठी माझी पसंती इंटेल ७२६०ला, तेही ‘एचएमडब्ल्यू’ (अर्ध्या आकाराचं) आणि ‘एसी’ (वायफाय ५) लिहिलेलंच. नुसतं ‘एन’ लिहिलेली ७२६०सुद्धा विकली जातात, ती घेऊ नका. लिनक्ससाठी अ‍ॅथेरॉसचं एआर९४६२ही उत्तम. वेग कमी, पण ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) असतो आणि वायफायसाठी वेगळं फर्मवेअर (कार्डात भरायची फाइल) शोधावं लागत नाही.

वायफाय ६ची हौस असेल तर एम.२ (नव्या लॅपटॉपमधल्या लहान जातीचं) कार्ड मिनी पीसीआय एक्सप्रेसमध्ये बसवणारा अ‍ॅडॅप्टर मिळतो. इंटेल एएक्स२०० आणि एएक्स२१० त्यावर चालतात. एएक्स२०१, एएक्स२११ आणि ९५६० मात्र चालत नाहीत, कुठल्याही अ‍ॅडॅप्टरवर नाहीत. या कार्डांमधला अर्धा मेंदू नव्या इंटेल प्रोसेसरच्या चिपसेटमध्येच असतो. दिसायला ती सारखीच आणि बरेचदा स्वस्त, त्यामुळे फसगत इथेच होते.

आणखी एक. मागचं झाकण उघडल्यावर सारखे दिसणारे दोन खाचे सापडले तर मोकळा दिसला म्हणून त्यात कार्ड ढकलू नका. दुसरा खाचा सिमकार्डवाल्या मोबाइल मोडेमचा किंवा एमसाटा एसएसडीचा असू शकतो. मोडेमच्या खाच्यात कधी कधी फक्त यूएसबीच्या तारा जोडलेल्या असतात, तिथे वायफाय कार्ड जन्मात दिसणार नाही. मूळ कार्ड जिथून निघालं तिथेच नवं बसवायचं.

लॅपटॉप चालूच होत नाही

काळ्या पडद्यावर ‘१८०२: अनऑथराइज्ड नेटवर्क कार्ड’ असा संदेश आला (थिंकपॅड) किंवा ‘१०४: अनसपोर्टेड वायरलेस नेटवर्क डिव्हाइस’ (एचपी), तर कार्डात काही बिघाड नाही. बायॉसमध्ये चालणाऱ्या कार्डांची यादी आहे आणि तुमचं कार्ड त्यात नाही. लोक याला व्हाइटलिस्ट म्हणतात. लॅटिट्यूडमध्ये हा जाच सहसा नसतो.

ही यादी चिपचं नुसतं नाव बघत नाही, कार्डावरचा सबसिस्टिम आयडीही (कार्ड कुठल्या कंपनीच्या लॅपटॉपसाठी बनलं ते सांगणारा आकडा) बघते. त्यामुळे एचपीतून काढलेलं इंटेल ६२०५ थिंकपॅडमध्ये नाकारलं जातं आणि तेच ६२०५ लेनोवोच्या एफआरयू क्रमांकाचं (कंपनीचा सुट्या भागाचा क्रमांक) असेल तर मुकाट चालतं. विकणाऱ्याला लेबलाचा फोटो मागा. टी४२० किंवा एक्स२२०साठी एफआरयूवालं ६२०५ किंवा ६३०० घेणं हा सर्वांत बिनघोर मार्ग. वेग वायफाय ४चा, पण ५ गिगाहर्ट्झ मिळतं, आणि घरच्या १०० एमबीपीएसच्या फायबर जोडणीला तेवढं पुरतं.

सुधारलेला बायॉस चढवून यादी उडवता येते. काही मॉडेलांवर ते सरळ जमतं, काहींवर बायॉसची चिप चिमट्यात धरून सीएच३४१ए प्रोग्रामरने (चिपवर लिहिणारं छोटं यंत्र) लिहावी लागते. मध्येच वीज गेली किंवा चुकीची फाइल गेली तर मदरबोर्ड मेला. दुरुस्तीवाल्यांना हे रोजचं आहे, घरी एकच लॅपटॉप असेल तर यात पडू नये असं माझं मत. यूएसबी डोंगलला या यादीचं काही देणंघेणं नसतं, हेही लक्षात असू द्या.

चालू झाला, पण कार्ड कुठे आहे?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क कंट्रोलर’ असं लिहून पिवळं चिन्ह असेल आणि कोड २८ येत असेल तर निव्वळ ड्रायव्हर नाही. मोबाइल यूएसबी केबलने जोडा, टिथरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा, नेट मिळेल. मग ड्रायव्हर उतरवा. लिनक्स मिंटमध्ये ब्रॉडकॉमसाठीही हाच उपाय: टिथरिंगवर नेट घेऊन ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा.

यादीत काहीच दिसत नसेल तर क्रम असा: बायॉसमध्ये वायरलेस बंद आहे का बघा, मग कार्ड काढून परत बसवा. तिरकं घालायचं, पूर्ण आत ढकलायचं आणि मग दाबून स्क्रू. सोनेरी पट्ट्या नीट बसल्या तर बाहेर अगदी नावाला दिसतात. आधी चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा. कोकणात किंवा मुंबईत खाऱ्या हवेत दोन-चार पावसाळे काढलेल्या मशिनात या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर बसतो. मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. पॉलिश पेपर अजिबात नाही, सोन्याचा मुलामा आधीच नावापुरता असतो.

बटण करडं: विसाव्या पिनेची गोष्ट

सर्वांत जास्त लोक इथे अडकतात. कार्ड दिसतं, ड्रायव्हर बरोबर, पण विंडोज म्हणतं वायफाय बंद आहे. लिनक्सवर ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दिली की ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘यस’ येतं. एकदा कसंबसं चालू झालं तरी रीस्टार्टनंतर किंवा झाकण मिटून उघडल्यावर पुन्हा बंद.

आधी सोपं बघा. लॅपटॉपच्या कडेला सरकता स्विच आहे का? या पिढीत तो समोरच्या किंवा बाजूच्या काठावर दडलेला असतो आणि बॅगेत घालता-काढताना सरकतो. नसेल तर एफएन धरून अँटेनाचं चित्र असलेली कळ. एचपीवर वायरलेस बटणाचा वेगळा ड्रायव्हर असतो. विंडोज नव्याने टाकल्यावर तो राहिला तर मशीन विमान मोडमध्येच बसून राहतं. लिनक्सवर काही आयडियापॅडमध्ये स्विचच नसताना ‘आयडियापॅड लॅपटॉप’ हे मॉड्यूल स्विच बंद असल्याचं सांगत राहतं. ते मॉड्यूल ब्लॅकलिस्ट केलं, म्हणजे सुरूच होऊ दिलं नाही, की प्रश्न मिटतो.

एवढं करूनही करडंच राहिलं तर मग ती विसावी पीन.

मिनी पीसीआय एक्सप्रेसमध्ये २० क्रमांकाच्या पिनेवरून लॅपटॉप कार्डाला ‘रेडिओ बंद कर’ असं सांगतो. त्या तारेवरचा विजेचा दाब (व्होल्टेज) खाली ओढला की रेडिओ बंद, तार मोकळी सोडली की चालू. स्विच मोडला असेल, त्याचा कंट्रोलर बिघडला असेल किंवा मशिनाला नवं कार्ड ओळखता आलं नसेल तर ती तार कायम खाली ओढलेली राहते. तुम्ही ड्रायव्हर कितीही बदला, उपयोग शून्य.

उपाय म्हणजे ती पीन झाकणं. यासाठी कॅप्टॉन टेप लागते, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असते ती पिवळसर तपकिरी, उष्णता सोसणारी. साधी चिकटपट्टी नको. कार्ड तापलं की गोंद पाघळून खाच्यात उतरतो. कार्ड पालथं करा, म्हणजे अँटेनाची टोपणं जिकडे आहेत त्याच्या मागची बाजू वर. सम क्रमांकाच्या पिना या बाजूला असतात. पट्ट्यांच्या रांगेत एक खाच आहे, तिच्या एका बाजूला ८ पट्ट्या आणि दुसऱ्या बाजूला १८. अठराच्या गटात खाचेला लागून पहिली पट्टी म्हणजे पीन १८, तिच्याशेजारची पीन २०. म्हणजे खाचेपासून दुसरी. पट्ट्यांमधलं अंतर ०.८ मिमी, त्यामुळे टेपची चिरी त्याहून रुंद नको. शेजारची पीन २२ झाकली गेली तर रीसेटचा संकेत तुटतो आणि कार्ड दिसेनासं होतं. ब्लेडने स्टीलच्या पट्टीवर चिरी कापा, चिमट्याने ठेवा, टोक कडेवरून थोडं पलीकडे दुमडा म्हणजे खाच्यात शिरताना टेप गोळा होत नाही. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा, तेवढं पुरतं.

याची किंमत एकच: कडेचा स्विच यापुढे निकामी. विमान मोड सॉफ्टवेअरमधून चालतो.

वायफाय चालू, पण ब्लूटूथ गायब असेल तर त्याचं कारण निराळं. या कार्डांवरचं ब्लूटूथ पीसीआय एक्सप्रेसवरून चालत नाही, खाच्यातल्या यूएसबीच्या दोन तारांवरून (पिना ३६ आणि ३८) चालतं. काही जुन्या मदरबोर्डवर त्या तारा वायफायच्या खाच्यापर्यंत आलेल्याच नसतात. तिथे टेप-बिप काही चालत नाही, छोटा यूएसबी ब्लूटूथ डोंगल घ्या. तारा आहेत आणि तरी ब्लूटूथ बंद, असं इंटेलच्या अर्ध्या कार्डांवर झालं तर पीन ५१ झाकून बघतात. ती वरच्या बाजूला लांब गटाच्या अगदी टोकाला असते.

राउटरशेजारी जोमात, दुसऱ्या खोलीत कोमात

ही अँटेनाची तक्रार. झाकण उघडल्यावर कार्डाला लावलेल्या दोन वायरी दिसतात, बहुधा पांढरी आणि काळी. सहसा पांढरी मुख्य आणि काळी सहायक, पण रंग सगळीकडे सारखे नसतात, म्हणून जुन्या कार्डावर कुठली कुठे होती ते आधी बघून ठेवा. कार्डावर १ आणि २ आकडे किंवा त्रिकोण छापलेले असतात. मुख्य १ वर, सहायक २ वर. उलट लागली तरी सहसा फार बिघडत नाही, पण एक सुटलेली असेल तर वेगाची वाट लागते. तिसरी वायर उरली तर तिच्या टोकाला टेप लावून बाजूला दडवा. उघडं धातूचं टोक मदरबोर्डवर फिरता कामा नये.

टोपण लावताना बोटाने सरळ वरून, अगदी मध्यभागी दाबायचं. ब्लाउजच्या टिचबटणासारखा बारीक ‘टक’ जाणवतो. तिरकं दाबलं तर मधली पीन वाकते किंवा कडा पसरते, आणि मग टोपण बसल्यासारखं दिसतं पण धरत नाही. ही यू.एफएल टोपणं साधारण ३० वेळा काढघाल सोसतील एवढ्याच हिशेबाने बनवलेली असतात. जुन्या मशिनात त्यातल्या काही आधीच खर्ची पडल्या असणार, तेव्हा तपासाच्या नावाखाली उगाच काढत-घालत बसू नका. काढताना वायर ओढू नये; टोपणाखाली नख किंवा प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून वर उचलावं.

एम.२ अ‍ॅडॅप्टरवाल्यांसाठी इशारा: एम.२ कार्डावरची टोपणं एमएचएफ४ जातीची, आणखी लहान असतात. जुन्या लॅपटॉपच्या वायरी त्यावर बसत नाहीत. दाबून बसवायला गेलात तर कार्डाचं टोपण उखडतं. छोट्या जोडवायरी अ‍ॅडॅप्टरबरोबरच मागवा.

टोपणं ठीक असूनही सिग्नल पडत असेल तर बिजागरीकडे बघा. अँटेना पडद्याच्या चौकटीत असते आणि वायर बिजागरीतून जाते. वर्षानुवर्षं झाकण उघडमिट करून ती तिथे चेपते. ओळखायचं कसं, तर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेट-एस-एच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा द्या (टाइप अर्थातच रोमनमध्ये). त्यात सिग्नल टक्क्यांत दिसतो. १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) किंवा त्याहून चांगला, ५० टक्के म्हणजे उणे ७५. राउटरच्याच खोलीत बसून झाकण सावकाश पुढेमागे करा आणि दर कोनात आज्ञा पुन्हा द्या. आकडा ९०वरून ४०वर उडी मारत असेल तर वायर गेली. अँटेनाच्या नव्या जोड्या फार महाग नसतात, पण पडद्याची चौकट सोलायची तयारी हवी.

आपलंच नेटवर्क दिसत नाही

इथे कार्ड आणि राउटर दोघेही बरोबर असतात, फक्त एकमेकांची भाषा जुळत नाही.

जुनं कार्ड कुठल्या देशासाठी बनलं ते त्याच्या आतच लिहिलेलं असतं. अमेरिकी कार्डाला २.४ गिगाहर्ट्झमधले १२ आणि १३ हे चॅनल दिसत नाहीत. युरोपच्या काही कार्डांना ५ गिगाहर्ट्झमध्ये १४९पासून पुढचे दिसत नाहीत. भारतात ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा विनापरवाना खुला झाला, त्यामुळे आपले राउटर ‘ऑटो’वर ठेवले की यातला कुठलाही चॅनल पकडू शकतात. आज दिसणारं नेटवर्क उद्या गायब होतं ते यामुळे. राउटरमध्ये ऑटो बंद करून २.४साठी १, ६ किंवा ११, आणि ५साठी ३६ ते ४८ मधला चॅनल पक्का करा.

राउटरवर सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए३ असेल तर जुनी बरीचशी कार्डं जोडणारच नाहीत; डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र ठेवा. एन्क्रिप्शन (माहिती गुप्त ठेवायची पद्धत) एईएसच निवडा, टीकेआयपी नको. टीकेआयपीवर वायफाय ४चे वेग मिळतच नाहीत, सगळं ५४ एमबीपीएसवर अडकतं. आणि राउटर वायफाय ६चा असेल तर इंटेलच्या ७२६०सारख्या कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर त्याचं नेटवर्क दिसतच नाही. ड्रायव्हर इंटेलकडून अद्ययावत करा. जमत नसेल तर राउटरवर २.४च्या पट्ट्यापुरता ‘एएक्स’ बंद करून बघा.

जोडतं आणि तुटतं

विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवायला कार्ड बंद करण्याची जी परवानगी आहे तिची खूण काढा. पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये वायरलेस अ‍ॅडॅप्टर कमाल क्षमतेवर ठेवा. लिनक्सवर नेटवर्कमॅनेजरच्या वायफाय पॉवरसेव्हचा आकडा ३ असतो, तो २ करा. अर्ध्याअधिक तक्रारी इथेच संपतात. विंडोज अपडेटनंतर पुन्हा सुरू झालं तर अपडेटने ड्रायव्हर बदललाय. रोल बॅक करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणा.

एवढं करूनही फक्त २.४वर आणि फक्त काही वेळा तुटत असेल तर यूएसबी ३ची हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह लावलेला आहे का बघा. यूएसबी ३ची वर्दळ २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट करते. इंटेलनेच २०१२ साली यावर टिपण काढलं होतं. डिस्क लांब केबलने दूर ठेवा, नाहीतर ५ गिगाहर्ट्झवर जा.

काहीच लागू पडलं नाही तर ओळखीच्या कुणाचा यूएसबी वायफाय डोंगल एक संध्याकाळ मागून आणा आणि त्याच जागी बसून वापरा. त्यावरही नेट तुटलं तर राउटर किंवा लाइन बघा, लॅपटॉप उघडू नका. त्यावर टिकलं तर पुन्हा अँटेनाच्या टोपणांपासून सुरुवात करा.